गळ्यातली डबी

आईचा हात मोडला तेव्हा मी कंपनीत बसून एका प्लास्टिकच्या डबीचे कोपरे गोल करत होते. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, टोक लागलं तर ओरखडा उठतो, म्हणून. शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, लवकर ये, बाबांनी आईला मारलंय, हाड बाहेर दिसतंय." हाड बाहेर वगैरे काही आलं नव्हतं, काकूंना सगळं वाढवून सांगायची खोड. पण मनगट नको त्या ठिकाणी वाकलं होतं, आणि बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आई फरशीवर बसून ओठ चावत होती. बाबा पलंगावर बसून चहा मागत होते.

ज्या वस्तूवरून हे सगळं झालं ती मोरीच्या दाराशी पडली होती. पांढरी, गोल, पेढ्याएवढी डबी, निळ्या दोरीत ओवलेली. माझीच.

आता आधीचं सांगते. बाबा विदर्भातले. तरुणपणी खडकीच्या कारखान्यात लागले, जन्मभर लेथपुढे उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीत दोन खोल्या घेतल्या. मी एकुलती एक. "शिक, आन् कोनाच्या बापाले भिऊ नको," एवढा एकच उपदेश त्यांनी मला केला. तो मी इतका मनावर घेतला की माझं लग्न तीन वर्षंही टिकलं नाही, पण ते जाऊ द्या. मी इंजिनिअर झाले, परत आईबाबांजवळ राहायला आले, आणि बाबा सत्तरीला टेकले तसे ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग संडास कुठल्या बाजूला ते. डॉक्टर म्हणाले डिमेन्शिया. आई म्हणाली, "म्हातारपन हाये, दुसरं काय."

मग ते बाहेर पडायला लागले. कारखान्याची पहिली पाळी गाठायची असायची. एकदा मार्केट यार्डाच्या मागच्या एका सोसायटीत शिरले. एक दार उघडं दिसलं, आपलंच घर समजून आत गेले, चपला नीट काढून ठेवल्या आणि कोचावर बसले. घरात बाई एकटी. ती किंचाळली. झालं. एरवी पुण्यात पत्ता विचारला तर कुणी पेपरातून मान वर करत नाही, पण चोर म्हटल्यावर सगळी सोसायटी खाली आली. बाबांना जिन्यावरून फरफटत आणलं. वॉचमननं काठीनं पाठ फोडली, कुणीतरी तोंडावर लाथ घातली, पुढचा दात गेला. मी चौकीवर पोचले तेव्हा शर्ट रक्तानं भरलेला, आणि बाबा हवालदाराला विनवत होते, साहेब, पाळी चुकली माझी, हजेरी कापतील. मी तशीच उठून त्या सोसायटीत गेले. तिथं काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वॉचमनची कॉलर धरून त्याचं डोकं गेटवर आपटलं, एवढं सांगते. हात उचलण्याच्या बाबतीत मी बाबांवर गेलेय.

तेव्हा मी ज्या कंपनीत होते ती मालाचे ट्रक कुठे पोचले ते सांगणारी यंत्रं बनवायची. ट्रकात एक पेटी बसवायची, की मालकाला बसल्या जागी मोबाइलवर कळतं गाडी कुठल्या ढाब्यावर उभी आहे. मी मीटिंगमध्ये म्हटलं, "आपल्याला कांद्याचा ट्रक सापडतो आणि हरवलेला बाप सापडत नाही. लाज नाही वाटत?" आमचे साहेब पक्के पेठेतले. म्हणाले, "लाज वाटण्यासाठी या तिमाहीत तरतूद नाही. पण कल्पना बरी आहे. करा आपण."

तर मी ती डबी करायला घेतली. रोज सकाळी आयकार्ड गळ्यात अडकवायचं, दारावर टेकवायचं, आत जायचं आणि दिवसभर ते यंत्र लहान लहान करत बसायचं. मनगटाला बांधलं तर अशी माणसं उकलून टाकतात. खिशात ठेवलं तर धुण्याच्या बादलीत जातं. चपलेत बसवलं तर ती अनवाणी निघतात. गळ्यात मात्र राहतं, असं ठरलं. नमुने घेऊन आम्ही कसबा पेठेतल्या एका ज्येष्ठांच्या केंद्रात गेलो. तिथल्या आजी-आजोबांनी डब्या अशा घातल्या की विचारू नका. कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ, कुणाच्या रुद्राक्ष, कुणाचं जानवं सदऱ्यातून डोकावतंय, त्यात आणखी एक डबी. एक आजी म्हणाल्या, "वर दत्ताचा फोटो चिकटवून द्या हो, म्हणजे काढायचं कुणाच्या मनात यायचं नाही." साहेबांना ते भयंकर आवडलं. मीही हसले. आपल्या घरातला माणूस गळ्यात कधी काही घालत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

रविवारी सकाळी बाबांना अंघोळ घालून खुर्चीत बसवलं. "बाबा, हे घाला बरं," म्हणत दोरी डोक्यावरून घातली. डबी छातीला टेकली न टेकली तोच माझ्या कानाखाली असा आवाज निघाला की पुढचा काही वेळ मला ऐकूच आलं नाही. जन्मात त्यांनी मला बोट लावलं नव्हतं. डबी उपटून त्यांनी खिडकीवर फेकली, काच तडकली. मी काय गप्प बसणारी थोडीच. "रस्त्यात मार खाऊन मरायचंय का तुम्हाला? मरा मग!" असं बापाला ओरडले. आई मध्ये पडली. "थांब वं माय. मी घालीन हळूहळू. तू जाय आपल्या कामावर."

आईनं हळूहळू घालायचा प्रयत्न केला. कधी गूळ-शेंगदाणे हातात देऊन, कधी झोप लागता लागता. घरी यावं तर तिच्या दंडावर निळं, एकदा गालावर दातांचे व्रण. "काय झालं?" "पडली." "गालावर दात कुणाचे मग?" "जेव तू." ताटल्या चेपलेल्या दिसायच्या, कपबशा कमी झालेल्या दिसायच्या. मला कळत नव्हतं असं नाही. पण बाबा एकदाचे डबी घालायला शिकले की सगळं सुरळीत होईल, असं मी स्वतःला सांगत होते आणि कंपनीत कोपरे गोल करत होते. मग तो फोन आला.

हाताला प्लास्टर घालून रिक्षानं परत येताना मी म्हटलं, "बस झालं. आता लोणी."

लोणी काळभोरला, सोलापूर रस्त्यापासून आत, उसाच्या शेताला लागून एक संस्था होती, अशा म्हाताऱ्यांना कायमचं ठेवून घेणारी. मी आईला न सांगता बघून आले होते. जागा स्वच्छ होती, जेवण बरं होतं. दारांना कड्या बाहेरून होत्या.

"बाहेरून?" आईनं विचारलं.

"हो."

"मंग नाई. माह्या घरात कोनाले कोंडत नसते."

"आणि तुझा जीव गेला म्हणजे?"

"नाई जात."

"आई, परत एकदा हात उचलला की मी तुला विचारणार नाही. नेईन. आत्ताच सांगून ठेवते."

धनकवडीचा चढ आला तेव्हा आई म्हणाली, "त्याइचा दोष नाई त्याच्यात. थे काय म्हनते तुले मालूम हाये? गाडगं म्हनते. माह्याच घरात माह्या गळ्यात गाडगं बांधता काय, असं म्हनते, आन् मंग मारते."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू बनवलं ना थे," आई म्हणाली. "तुले कोन्या तोंडानं सांगू?"

पेशवाईत याच शहरात आमच्या लोकांनी गळ्यात गाडगं बांधून फिरायचं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून, हे आमच्या घरात मुळाक्षरांच्या आधी शिकवतात. माझ्या आज्यानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. घरी येऊन देव्हारा नदीत सोडला आणि पोरांच्या गळ्यातले काळे दोरे, ताईत, पेट्या, सगळं विळ्यानं कापून टाकलं. बाबा तेव्हा बाराएक वर्षांचे. कापताना त्यांच्या मानेला विळा लागला होता, तो व्रण ते मोठ्या कौतुकानं दाखवायचे. त्यानंतर गळ्यात काही नाही. थंडीत मफलर नाही, शर्टाचं वरचं बटण लावलेलं नाही, माझ्या लग्नात पाहुण्यांनी हार आणला तर तोही हातात घेतला. मी लहान असताना रविवारी ते मला मुद्दाम कसब्यात फिरायला न्यायचे, छातीची दोन बटणं मोकळी सोडून, रस्त्याच्या मधोमध. "पाह्य," म्हणायचे, "कसं चालून राहिलो." मला वाटायचं, बाबांना उकडतंय.

रात्रभर माझ्या डोक्याचं भुसकट झालं. दुसऱ्या दिवशी कंपनीत डबी बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते, पैसे घालणारे. साहेबांना मी मीटिंगच्या आधी गाठलं आणि म्हटलं, "गळ्यात नको. दुसरं काहीतरी शोधू." कारणही सांगितलं. सगळं, गाडग्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो मॅडम, आपण इथे उत्पादन विकतोय की इतिहासाचा तास घेतोय? फार तर दोरीचा रंग बदलू." शेजारी आमच्या टीममधला एक मुलगा होता, हुशार, चांगला. तो म्हणाला, "मॅम, रिस्पेक्टफुली, हा एज केस आहे. एका यूजरसाठी डिझाइन चेंज नाही करू शकत ना आपण."

"एज केस म्हणजे काय रे?"

"म्हणजे... जे मेनस्ट्रीमच्या बाहेर येतं ते."

"गावकुसाबाहेरचं म्हण की सरळ," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. साहेबांना कळलं, त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पाहुणे आले. पडद्यावर चित्रं सुरू झाली, पांढरे केस, हसरे चेहरे, गळ्यात डबी. साहेब सांगत होते, "आपल्या संस्कृतीत गळ्यात काहीतरी घालायची सवय प्रत्येक घरात असते, तिचाच आम्ही उपयोग केला." प्रत्येक घरात! माझ्या पुढ्यात नमुन्याची डबी होती आणि काचेचा पेपरवेट होता. पेपरवेट उचलला आणि घातला डबीवर. एकदा घातल्यावर हात थांबेना. प्लास्टिकचे तुकडे उडाले, एक पाहुण्याच्या कपात पडला. आतली बॅटरी चेपली आणि फसकन धूर आला, टेबल जळालं, खुर्च्या ढकलून सगळे भिंतीला लागले. कुणीतरी लाल नळकांडं आणून पांढरी पावडर मारली. त्या पावडरीत उभे राहून साहेब म्हणाले, "मॅडमची चाचणी झाली असेल तर त्यांनी घरी जायला हरकत नाही."

मी निघाले. ती डबी पुढे बाजारात आली. गळ्यातलीच.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. दार आईनं डाव्या हातानं उघडलं आणि ती परत स्वयंपाकघरात गेली. मी दारातच वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. बाबा समोरच्या खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ताडकन उठले.

"हे कोनं बांधलं?"

मला आधी कळेचना. मग खाली बघितलं. कंपनीचं आयकार्ड गळ्यात तसंच लोंबत होतं, रागाच्या भरात काढायचं राहून गेलं होतं.

"कोनं बांधलं तुह्या गळ्यात?"

आणि त्यांनी तो पट्टा धरला आणि ओढला. म्हाताऱ्यांच्या डबीच्या दोरीला मी एक कडी बसवली होती, झटका बसला की सुटणारी, कुठे अडकून फास लागू नये म्हणून. आमच्या पट्ट्यांना तसलं काही नव्हतं. नोकरदाराला कशाला फास लागतोय! जन्मभर लेथ चालवलेले ते हात. पट्टा मानेत रुतला. मी त्यांच्या हातांवर नखं मारली, लाथा मारल्या, त्यांच्या नडगीवर बूट बसल्याचं मला आठवतं. ते अजून जोरात ओढत होते. तोंडावर तोंड आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, थुंकी उडत होती आणि ते ओरडत होते, "सोड तिले! सोड माह्या पोरीले!" ते कुणाला सांगत होते देव जाणे. मला श्वास येईना. खोली कडेनं काळी होत गेली.

तेवढ्यात आई आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात कुकरचं झाकण. पहिला घाव त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा भुवईवर. पट्ट्याची प्लास्टिकची कडी तुटली आणि मी भिंतीशी कोसळले. बाबा पण गुडघ्यांवर बसले. तरी आई मारतच होती. पाठीवर, मानेवर, डोक्यावर, तोंडातून नुसता दमाचा आवाज. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला "अरे" न म्हणालेली बाई. मी रांगत जाऊन तिचे पाय धरले, तेव्हा कुठे झाकण खाली पडलं.

बाबांच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. मुठीत तुटलेला पट्टा होता. माझ्याकडे बघून ते हसले, दात पडलेल्या जागेसकट.

"निंघालं," म्हणाले. "निंघालं, पोरी. आता भेव नाई."

बाप रे बाप. मी तिथं फरशीवर बसून असं रडले की काकू दारात आल्या आणि तशाच मागे फिरल्या. मला वाटत होतं बाबा फास आवळतायत, आणि ते मला त्यातून सोडवत होते. आईनं बादली आणली, एका हातानं त्यांचं तोंड पुसलं, जखमेत हळद दाबली. बादलीतलं पाणी लाल झालं तसं ओतलं आणि दुसरं आणलं. बाबा झोपले. मी म्हटलं, "आई, लोणीचं विसर. मी नाही नेणार त्यांना. ते मला सोडवत होते गं."

"मले दिसलं," आई म्हणाली.

"मग झालं तर."

ती बराच वेळ प्लास्टरवरचं रक्त नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, "ने त्याइले."

"अगं, पण..."

"तुले सोडल्यावर थे थांबले होते. मी नाई थांबली." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "इतके दिवस मार खाल्ला, काई वाटलं नाई. आज मारून राहिली होती तं आंग हलकं झालं माह्यं. बरं वाटलं मले, समजलं? परत एखाद्या दिवशी डोक्यातच घालीन मी त्याइच्या. झोपेत घालीन. ने तू."

मी पुष्कळ बोलले. बाई ठेवू म्हटलं, नोकरी सोडते म्हटलं, अशीही गेलीच होती. आईनं ऐकून घेतलं, उठली आणि बाबांचे कपडे पिशवीत भरायला लागली. तिच्या घरात कुणाला कोंडत नसतात म्हणणारी हीच बाई. आता मीच नको नको म्हणत होते आणि ती घडी घालून शर्ट ठेवत होती.

सकाळी गाडी केली. बाबा खुशीत होते, त्यांना वाटलं गावाला चाललोय. भुवईवर पट्टी, इस्त्रीचा शर्ट, वरची बटणं मोकळी. हडपसर गेलं, ऊस दिसायला लागला, ते खिडकीतून बोट करून दाखवत होते. आई पुढे बसली होती. संस्थेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा ती उतरली नाही.

मी बाबांना हात धरून उतरवलं. आतून दोन माणसं आली, जवळच्याच गावातली, पांढऱ्या सदऱ्यातली. बाबांनी त्यांना नमस्कार केला. मग माझ्याकडे वळले आणि तिथंच थांबले. चांगलं ऊन पडलं होतं. त्यांनी बोटानं माझ्या ओढणीचं टोक बाजूला केलं. मानेभोवती पट्ट्याचा वळ होता, काळानिळा, एका जागी कातडी निघालेली.

"हे कोनं केलं?"

मी ओढणी परत ओढली. "काही नाही, बाबा. चला आत."

"कोनं केलं म्हनतो मी!" त्यांचा चेहरा असा झाला की एक माणूस मागे सरकला. कारखान्यात कुणी जातीवरून बोललं तर होत असे तसा. "माह्या पोरीचा गळा आवळला? कोन होता थो? हात तोडतो त्याचे. नाव सांग."

मी आईकडे बघितलं. ती गाडीत मान खाली घालून बसली होती.

बाबा फाटकाकडे निघाले, रस्त्याकडे, त्या माणसाला शोधायला. दोघांनी त्यांना धरलं. बाबांनी एकाच्या नाकावर डोकं मारलं, दुसऱ्याच्या हाताला चावले. आतून तिसरा धावत आला. तिघांनी मिळून त्यांना मातीत पाडलं, हात मागे वळवले, भुवईवरची पट्टी सुटून परत रक्त वाहायला लागलं. ज्याचं नाक फुटलं होतं तो धापा टाकत मला म्हणाला, "घाबरू नगा ताई, पयल्या दिशी समदे आसंच करत्यात. तुमी निघा आता, बघत ऱ्हाऊ नगा." तिघांनी बाबांना उचलून आत नेलं. दार लागलं, कडी पडली.

आतून ते दारावर धडका मारत होते. प्रत्येक धडकेबरोबर त्यांचा आवाज येत होता, "नाव सांग त्याचं! पोरी, भिऊ नको, नाव सांग फक्त!"

मी दारापाशी गेले, लाकडाला हात लावला. नाव मी सांगितलं नाही.